शेरा : असंबद्ध

खानापूरचा दवाखाना, खोली नंबर सात.
मल्लेश भरमाण्णा पावशे, वय सहा वर्षं दोन महिने,
खुर्चीवर नाही, टेबलाखाली.
पालकांनी बाहेर थांबावं, असा नियम.
मी पेटी उघडते. चौऱ्याऐंशी चित्रं, कोपरे अजून कोरे,
आणि पुस्तिका : कोणत्या वयाला किती उत्तरं यावीत.
ज्या तीनशे मुलांवरून हे ठरलं
त्यांत घरात मराठी, अंगणात कन्नड
आणि वर्गात दोन्हींना घाबरून गप्प असं कुणी होतं का,
ते पुस्तिकेत नाही.

चित्र पाच. छत्री. तो ट्यूबलाइटकडे बघतो.
चित्र नऊ. पेल्यानं पिणारी मुलगी.
"नीर," तो म्हणतो.
चाचणीच्या भाषेतलंच उत्तर धरावं, पान सतरा.
शून्य.
चित्र चौदा. लिफ्ट.
(आमच्या दवाखान्याला एकच मजला.)
"टिकेट," तो म्हणतो. "टिकेट, टिकेट."
शेरा : असंबद्ध.
पंधरा. "टिकेट." असंबद्ध.
सोळा. "टिकेट," रडवेला, कानांवर हात.
मी लिहिते : ऐकलेल्या शब्दाची पुनरावृत्ती, संदर्भाशिवाय.

दार ढकलून भारता आत येते, त्याची आई,
अर्धी पाळी टाकून आलेली,
बोटं काजूच्या चिकानं काळी.
"बाई, भूक लागलीय त्याला."
कशावरून?
"टिकेट म्हणूलालाय की.
नंदगडच्या गाडीत कंडक्टर टिकेट म्हणला
की मी चिरमुऱ्याची पुडी सोडतो."

पुडी सुटते. तो एकेक चिरमुरा
फरशीवर रांगेत मांडतो, मग खातो. शेंगदाणे वेगळे.
"मुंद होग्री म्हणला की दार उघडायचं.
साकु म्हणला की टीव्ही बंद.
पोस्ट म्हणला की भ्यालाय. का, ते मलाबी ठावं नाही."
ती सांगत राहते.
एकतीसपर्यंत मी बोटांवर मोजलं.

मग पेटी काय मोजत होती?
बसणं.
ट्यूबलाइटची गुणगुण सोसणं.
परक्या बाईनं छत्रीवर बोट ठेवलं
की जे तिला दिसतंच आहे
ते तिला पुन्हा सांगणं.

फॉर्मवर मातृभाषा, रकाना एक.
हा प्रश्न आमच्याकडे जुना आहे.
माझ्या आजोबांना विचारला, शाळांना विचारला,
दुकानांच्या पाट्या तर रंग ओला असतानाच
उत्तर बदलायला शिकल्या.
मल्लेशला विचारला तेव्हा
त्यानं रकान्यावर चिरमुरा ठेवला. बरोबर मधोमध.

एकूण गुण चार. भाषेचं वय : एक वर्ष अकरा महिने.
पुस्तिकेत वैधता नावाचं प्रकरण आहे,
अकरा पानं. त्यातले आकडे चांगले आहेत.
मी चारवर काट मारायला पेन टेकवते.

"कमीच आलं न्हवं, बाई?
कमी आलं तरच सर्टिफिकेट देतात म्हणले बेळगावात.
मग पेन्शन लागतीय."

पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत जातो.

चार तसाच राहतो.
समासात, शिसपेन्सिलनं, बारीक :
टिकेट, भूक.
नीर, पाणी.
साकु, पुरे.
पोस्ट,
आणि पुढं जागा सोडते.
समास संपतो. कागद उलटते.
हे कुणी वाचणार नाही. वाचलं तर विचारतील,
कुठल्या निकषानं?

वीज जाते. ट्यूबलाइट गप्प.
टेबलाखालून, न रडता, अगदी कंडक्टरच्या सुरात :
"मुंद होग्री."

भारता माझ्याकडे बघते.
मी उठते.
कडी जरा घट्ट आहे.